लाल बटण

आबांनी गाडी सरळ शेवंताकाकूंच्या कुरडयांत घातली.

मी मागे बसले होते. हायस्कूलला मी क्लार्क होते आणि रोज सकाळी आबाच मला सोडायचे. रस्त्याच्या डाव्या कडेला काकूंनी जुनी लुगडी अंथरून कुरडया घातल्या होत्या, दरवर्षी घालतात तिथेच. मी आबांचा खांदा दाबला, "आबा, आबा" म्हटलं, पण तोवर पुढचं चाक लुगड्यावर चढलं होतं. ओल्या कुरडया चाकाला चिकटून फिरायला लागल्या. काकू हातातली काठी टाकून धावत आल्या.

"डॉक्टर, डोळे घरात ठेवून आलाय काय?"

आबांनी गाडी थांबवली, मागे वळून बघितलं आणि उलट काकूंनाच सुनावलं. "वाळवण रस्त्यात घालायचं असतंय व्हय? उद्या चूल मांडशीला रस्त्यात."

"कडंला घातलंय की हो."

"कडंला म्हणं," आबा म्हणाले आणि गियर टाकून निघाले. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. चूक कोणाची होती ते मला माहीत होतं, पण मला तोंड उघडायची सोय नव्हती.

आबा खरे डॉक्टर नव्हेत. जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी कंपाउंडर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही त्यांची वणवण थांबली नाही. गडहिंग्लजच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर म्हैस अडली, वासरू आजारी पडलं की माणसं पहिल्यांदा आबांच्या दारात यायची. "डॉक्टर, गाडी काढा," म्हणायची. आबा बॅग अडकवून, किक मारून, भुर्रकन निघायचे. आई गेल्यानंतर आणि माझं लग्न मोडून मी परत आल्यानंतर घरात बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. आबांचं जे काही होतं ते त्या गाडीवर होतं. आणि ते दुसऱ्या कोणाच्या मागे बसून कधी कुठे गेले नव्हते.

त्या हिवाळ्यात मी त्यांना ओढून कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला, आणि त्याच्या मधोमध एक छोटा गोल. म्हणाले, "आजोबा, तुम्हाला एवढं मधलं दिसतंय. कडेचं सगळं गेलंय आणि गेलेलं परत येत नाही. उरलंय ते टिकवायला थेंब घालायचे. आणि गाडी आजपासून बंद."

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "त्याला काय कळतंय? भिंतीवरची सगळी अक्षरं वाचून दाखवली मी त्याला. अगदी खालची बारीक ओळसुद्धा."

"अक्षरं समोर होती, आबा."

"मग गाडी काय मागं चालवतोय व्हय मी?"

एस.टी.त बसल्यावर त्यांनी माझा हात धरून मला शपथ घातली. "राजूला यातलं एक अक्षर सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. त्याला कळलं की तो मला पुण्याला नेऊन तिसऱ्या मजल्यावर ठेवील. तिथं मी काय करू? खिडकीतनं लिफ्ट मोजत बसू?"

खिडकीतून लिफ्ट दिसत नाही, हे सांगायचं मी टाळलं. राजू म्हणजे माझा मोठा भाऊ. तो पुण्याला एका कारखान्यात होता. वर्षातून दोनदा यायचा, आला की आबांच्या पायाशी बसायचा आणि जाताना मला चार उपदेश करून जायचा. शपथ मोडायची नाही म्हणून मी त्याला फोनवर आडून आडून सांगून बघितलं.

"दादा, आबांचं आता वय झालंय. गाडी सोडायला सांग की जरा. तुझं ऐकतील."

"चालवू दे गं त्यांना. त्यांचं तेवढंच सुख आहे. तुझं आपलं नेहमीचं, हे करू नका, ते करू नका. म्हाताऱ्या माणसाला किती बांधून ठेवशील?"

आता याला काय सांगायचं? बोलले तर शपथ मोडते आणि नाही बोलले तर मी छळवादी. इकडे आड आणि तिकडे विहीर. मी फोन ठेवला आणि कणीक जरा जास्तच जोरात मळली.

मग मी माझे उपाय सुरू केले. पहिल्यांदा चावी तांदळाच्या डब्यात लपवली. आबांनी थोडा वेळ शोधली, मग ट्रंकेची चावी घातली आणि गाडी चालू करून निघून गेले. ती गाडी इतकी जुनी होती की तिला गोठ्याच्या कुलपाची चावीदेखील चालायची. चाकांतली हवा सोडली, तर शेजारच्या तातोबांकडून पंप आणून त्यांनी हसत हसत हवा भरली. "पोरांची खोडी," म्हणाले. पेट्रोल काढून ठेवलं, तर कोणी तरी आपल्या गाडीतून नळीने काढून दिलं. डॉक्टरांची गाडी बंद राहिली तर म्हशी कोण बघणार, ही साऱ्या गावाची काळजी. समजावून सांगणं तर पालथ्या घड्यावर पाणी. रागावले, रडले, एक दिवस बोललेच नाही. आबांनी शांतपणे आपलं ताट आपण वाढून घेतलं आणि जेवून गाडी काढली.

मग ती पोरगी मध्ये आली.

शाळेच्या वळणावर डाव्या बोळातून कुंभाराची धाकटी दप्तर पाठीला लावून धावत बाहेर पडली. मी किंचाळले. आबांनी ना ब्रेक दाबला, ना हँडल वळवलं. त्यांच्या दृष्टीने रस्ता मोकळाच होता. पोरीनेच अंग मागे टाकलं आणि ती गटारात बसली. चाक तिच्या चपलेवरून गेलं.

पुढे जाऊन आबा म्हणाले, "का गं ओरडलीस? मधमाशी चावली काय?"

  आधी कुरडया झाल्या, आज चप्पल झाली. आबांनी कोणाचं लेकरू मारलं तर ते स्वतः त्यातून उठणार नाहीत, हे मला दिसत होतं. आणि या माणसाला समोरचं सगळं लख्ख दिसत होतं.

त्याच दिवशी शाळेत तोडकर सरांची नवी गाडी चालू होईना. चार शिक्षकांनी किका मारल्या, दोघांनी ढकलली. शेवटी सरांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. उजव्या मुठीजवळचं एक लाल बटण त्यांनी अंगठ्याने सरकवलं आणि गाडी पहिल्या किकेला चालू झाली.

"हे काय असतंय, सर?"

"इंजिन बंद करायचं बटण. पोरांनी दाबलं असणार. हे बंद असलं की चावी लावा, नाही तर देव पाण्यात ठेवा, गाडी चालू होत नाही."

घरी येऊन मी आबांच्या गाडीच्या मुठीवरची धूळ पुसली. तिथे तसंच एक बटण होतं, लाल रंग उडून गुलाबी झालेलं. आमच्या गावातल्या बहुतेक गाड्यांना असलं बटण नव्हतंच, आणि आबा जन्मभर चावी फिरवूनच गाडी बंद करत आले होते. त्या बटणाला त्यांचा हात लागलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी ते देवळात गेल्यावर मी ते सरकवलं. टक असा बारीक आवाज झाला. चोरी केल्यासारखी मी आत पळाले.

सकाळी आबांनी किक मारली. गाडी गप्प. दुसरी मारली, तिसरी मारली. चोक ओढून मारली. मग लेंगा खोचून, दात ओठ खाऊन मारायला लागले. मी चुलीपाशी उभी राहून एकेक किक ऐकत होते. बाहेर गल्ली जमली.

"तिरकी करा डॉक्टर, पेट्रोल उतरू दे," तातोबा म्हणाले. तातोबांना जगातल्या कुठल्याही गोष्टीवर एक उपाय ठाऊक असायचा आणि तो उपाय पंप सोडून कधी लागू पडल्याचं मला आठवत नाही.

गाडी तिरकी झाली. प्लग काढून, घासून, फुंकून परत बसवला. मग चार जणांनी मिळून गाडी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलली आणि धापा टाकत परत आणली. बटणाकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. आबा पायरीवर बसले आणि पंच्याने मान पुसत म्हणाले, "दमली बिचारी. लई पळाली आता."

मला वाटलं, झालं, आता सुटतील. पण नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. गल्ली जागी झाली, माणसं दात घासत बाहेर आली की आबा गाडीवर बसायचे आणि किका सुरू. घामाघूम व्हायचे, दम लागायचा, कधी पेडल उलटून नडगीवर बसायचं. मला आतून ओरडावंसं वाटायचं की आबा, सोडा ना, किती वेड्यासारखं कराल. एकीकडे कीव यायची आणि दुसरीकडे चीड. चीड जास्त. रोज संध्याकाळी मी ते बटण बघायचे. ते बंदच असायचं आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

मीच एकदा साळसूदपणे विचारलं, "स्टँडवरच्या मिस्त्रीला बोलवू काय?"

"माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला चालत न्हाई मला," आबा म्हणाले.

बरं झालं म्हटलं. मिस्त्रीने एका क्षणात बटण दाखवलं असतं.

आणि एक नवल घडलं. म्हशींचं बोलावणं आलं की आबा दारातूनच सांगायचे, "गाडी बंद हाय बाबा, येणार कसा?" माणसं म्हणायची, "बसा की आमच्या मागं, त्यात काय?" आबा बॅग घ्यायचे, गल्लीकडे एकदा बघायचे, "गाडी बंद पडली म्हणून, न्हाई तर..." असं म्हणायचे आणि मागे बसून जायचे. म्हशी बघून परत यायचे, पोटभर जेवायचे आणि गाढ झोपायचे. मी या सगळ्यावर एवढाच विचार केला की चला, माझी युक्ती लागू पडली. त्यांच्या झोपेचं मला कोडं पडायला हवं होतं, पण मी माझ्याच हुशारीवर खूश होते.

या सगळ्यात मी तातोबांना विसरले होते. त्यांनी त्यांचा हमखास उपाय केला. त्यांनी पुण्याला फोन लावला.

रविवारी सकाळी आबा नेहमीप्रमाणे गाडीवर बसून किका मारत होते, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. काळी कुळकुळीत नवी गाडी, हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि वर बसलेला माझा भाऊ. रातराणीने येऊन गडहिंग्लजमध्येच गाडी घेऊन तो थेट आला होता. त्याचा चेहरा असा फुलला होता की मला त्याला मिठी मारावी की थोबाडीत द्यावी हे कळेना.

"आबा, उतरा त्या भंगारावरनं," तो म्हणाला. "ही तुमची. आता किक मारायची नाही. नुसतं बटण दाबायचं."

गल्लीतली झाडून सगळी माणसं गोळा झाली. शेवंताकाकू कुरडया विसरून ओवाळणीचं ताट घेऊन आल्या. कोणी नारळ फोडला. तातोबा सगळ्यांना सांगत होते की फोन त्यांनी केला म्हणून हे झालं. आबा जुन्या गाडीवर तसेच बसून होते. त्यांचा एक पाय अजून किकेवर होता. मुलाच्या तोंडाकडे बघून ते हसले, पण ते हसू मला बघवेना.

मी दादाला बाजूला ओढलं. "दादा, मला विचारायचंस तरी आणायच्या आधी."

"तुला काय विचारायचं? तू नकोच म्हणाली असतीस. बाप रोज उन्हात किका मारतोय आणि तुला साधं मिस्त्री बोलवायला सुचत नाही. तातोबांना सुचतं."

"अरे, पण ऐक तरी..."

"उगीच मोडता घालू नकोस, मालू. आजच्या दिवस."

शपथ आड येत होती. तो गेलाच, आबांना हाताला धरून नव्या गाडीवर बसवलं आणि चावी लावली. काकूंनी आबांना आणि गाडीला ओवाळलं. पुढे गल्लीत पोरं नाचत होती. कोपऱ्यावर दोन शेळ्या बांधलेल्या होत्या. देवळाकडून कोणी बाई डोक्यावर घागर घेऊन कडेकडेने येत होती.

"एक फेरी मारून या देवळापर्यंत," दादा म्हणाला. "नमस्कार करून या."

मी गाडीच्या उजव्या बाजूला, मुठीपाशी उभी होते. आबांनी दोन्ही मुठी धरल्या, नव्या रबरावरून हात फिरवला. आणि मग त्यांचा उजवा अंगठा वर सरकला. खाली न बघता, अजिबात न चाचपडता, त्यांनी लाल बटण बंद केलं. टक. त्यानंतर चालू करायचं बटण त्यांनी दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"होत न्हाई रे राजू," आबा म्हणाले.

"अरे तिच्या, नवी गाडीपण?" तातोबा म्हणाले. "तिरकी करा."

मी आबांच्या अंगठ्याकडे बघत राहिले.  म्हणजे आबांना माहीत होतं. माझी ती थोर युक्ती त्यांना कधीच कळली होती. एका बोटाने ते केव्हाही गाडी चालू करू शकत होते, आणि तरी रोज सकाळी, गल्ली जागी झाल्यावर, सगळ्यांच्या देखत, चालू होणार नाही हे ठाऊक असलेल्या गाडीला ते घाम गाळून किका मारत होते. गावाने म्हणावं की डॉक्टरांची गाडी संपली. डॉक्टर संपले असं कोणी म्हणू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी दिलेलं निमित्त त्यांनी मुकाट्याने उचललं होतं, मलासुद्धा न सांगता. आणि मी चुलीपाशी उभी राहून त्यांच्यावर चिडत होते.

"थांबा, थांबा," दादा हसला. त्याच्या कारखान्यातल्या निम्म्या पोरांकडे असल्या गाड्या होत्या. "आबा, हे लाल बटण दाबलं गेलंय तुमच्याकडनं. हे असं." त्याने ते चालू केलं, वरून स्वतःच दुसरं बटण दाबलं. इंजिन गुरगुरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"टाका गियर, सोडा आता क्लच."

आबा समोर बघत होते. त्यांना समोरचं सगळं दिसत होतं, देऊळ, त्याचा कळस, वरचा झेंडा. पोरं दिसत नव्हती, शेळ्या दिसत नव्हत्या, घागरवाली बाई दिसत नव्हती. नाही म्हणायला त्यांना एकच वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्यांच्याने बोलवत नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि तो या वेळी किकांचा नव्हता. त्यांनी पायाने गियर चाचपला. गियर पडला.

मी हात घातला, चावी फिरवली आणि काढून घेतली. इंजिन बंद झालं. पुढे नाचणारी पोरं थांबली.

"ही गाडी मला पाहिजे," मी म्हणाले.

दादाला आधी कळलंच नाही. "काय?"

"मला पाहिजे. हायस्कूलला जायला."

"तुला चालवता येते?"

"शिकीन."

"वेडी झालीस काय? आबांसाठी आणलीय ती."

"आबांना आहे की जुनी. ती दुरुस्त करतील ते. मला रोज कोणाच्या तरी मागं बसून जायला लागतंय."

मागून कोणीतरी कुजबुजलं. शेवंताकाकूंनी ओवाळणीचं ताट खाली केलं आणि स्पष्टच म्हणाल्या, "बाई बाई. बापाच्या बुडाखालनं गाडी ओढायची म्हंजे? परत आलेल्या लेकींनी जरा तरी..." पुढचं त्यांनी गिळलं, पण मला ऐकू आलं. सगळ्यांनाच ऐकू आलं. माझे कान तापले. मी चावी मुठीत इतकी घट्ट धरली होती की ती तळव्यात रुतत होती.

दादाचा चेहरा उतरत गेला. आधी आश्चर्य होतं, मग राग आणि मग रागापेक्षा वाईट काहीतरी. "मागायची होतीस तर फोनवर मागायचीस," तो हळू म्हणाला. "मी दिली असती तुला. आज, सगळ्यांसमोर, आबांच्या हातातनं घ्यायची होती का?"

 बोलण्यासारखं जे होतं ते बोलायची मला बंदी होती.

आबा सावकाश गाडीवरून उतरले. त्यांनी हार सारखा केला. मग गल्लीकडे बघून, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरगी मागत्या. दिली मी तिला. मला या वयात नवी गाडी घेऊन काय लगीन करायचंय?"

दोघे-तिघे हसले. गर्दी हळूहळू पांगली. तातोबा शेवटपर्यंत थांबले आणि मग तेही गेले. जाताना मला म्हणाले, "मालू, चुकलंच तुझं." मी मान डोलावली. अजून काय करणार?

दुपारी कोणी नीट जेवलं नाही. दादा आत जाऊन आपली बॅग भरत होता. ठेवायची रीत सोडून एकेक कपडा कोंबत होता, त्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मी आत गेले तर तो तोंड फिरवून म्हणाला, "संध्याकाळच्या गाडीने जातो मी. तू सुखी राहा." मी बाहेर येऊन कट्ट्यावर बसलेल्या आबांच्या समोर, खालच्या पायरीवर बसले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते दुःखाचं नव्हतं. हुंदके दाबताना माझे दात वाजत होते, इतका संताप आला होता. आबांचा, दादाचा, तातोबांचा आणि त्या कोल्हापूरच्या डॉक्टरांचाही.

"तुम्हाला कळलं होतं ना बटणाचं?" मी विचारलं.

 आबा म्हणाले, "दुसऱ्याच दिवशी. तू शाळेत गेलीस, मी सरकवून बघितलं, चालू झाली. परत बंद करून ठेवलं."

"मग मला सांगायचं नाही का? मी इकडे रोज मरत होते."

"सांगून काय करणार? सांगितलं की खरं झालं."

तेवढ्यात दादा अनवाणी, पाय न वाजवता बाहेर आला. खांद्याला बॅग होती. तो आबांच्या डाव्या बाजूला, खांबाला टेकून उभा राहिला आणि बूट घालायला लागला. हात लांब केला तर आबांच्या खांद्याला लागला असता. त्याला माझ्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून तो खाली बुटाकडे बघत होता.

आबा माझ्याकडे बघत म्हणाले, "गेला काय गं राजू?"

 दादाने मान वर केली. त्याला वाटलं आबा चिडून टोमणा मारताहेत. तो काही बोलणार तेवढ्यात आबाच पुढे बोलायला लागले.

"रागानं गेला असणार. न सांगताच. जाऊ दे. तुझ्यावर रागावला तेवढं वाईट झालं, माझ्यावर रागवायला पाहिजे हुता. पण त्याला सांगू नगंस मालू. एवढ्या हौसेनं आणली त्यानं गाडी. बापाला कडंचं काय दिसत न्हाई हे कळलं असतं तर तिथंच रडत बसला असता गल्लीत. रागावलेला पोरगा बघवतोय मला."

बुटाची नाडी दादाच्या हातात तशीच राहिली. तो आबांच्या चेहऱ्याकडे बघत होता, अगदी जवळून, एका बाजूने. आबांचे डोळे माझ्यावरच होते. दादाने हळूच हात उचलला आणि आबांच्या डाव्या कानाशेजारी हवेत धरला. आबा हलले नाहीत. त्याने तो हात तसाच थोडा पुढे आणला. आबा माझ्याशी बोलत राहिले, की उद्या तातोबांच्या म्हशीला जंताचं औषध द्यायचं आहे, आठवण कर.

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी आता शपथ पाळत होते की मोडत होते हे मला कळत नव्हतं. मी नुसती होकाराची मान हलवली.

त्याने खांद्यावरची बॅग आवाज न करता खाली ठेवली. एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत तो खांबामागून आत गेला. आतल्या दाराची कडी त्याने मुद्दाम वाजवली आणि पाय आपटत, खाकरत बाहेर आला. या वेळी तो आबांच्या डाव्या बाजूला थांबला नाही. पुढून वळसा घालून तो माझ्याशेजारी, आबांच्या बरोबर समोर येऊन बसला.

आबा चपापले. "अरे, तू हायस व्हय अजून?"

"व्हय आबा," दादा म्हणाला. "आत झोप लागली होती. आत्ताच बाहेर येतोय."